एक्सएसडी तपासणीत अ‍ॅट्रिब्यूटला प्रीफिक्स कधी लावायचा

रावेरच्या व्यापाऱ्याकडून केळीची पावती एक्सएमएलमध्ये येते आणि जळगावात ती एक्सएसडीवर (एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या स्कीमा फाइलवर) तपासली जाते, असं धरून चालू. टॅगची नावं मराठीत चालतात. कीवर्ड मात्र प्रत्यक्ष फाइलमध्ये रोमन लिपीतच लिहायचे. इथे फक्त वाचायला देवनागरीत दिलेत.

<पावती एक्सएमएलएनएस="यूआरएन:केळी:पावती" बाग="कांदेबाग"/>

इथे पावती हे एलिमेंट डिफॉल्ट नेमस्पेसमध्ये, म्हणजे एक्सएमएलएनएसने दिलेल्या नावांच्या गटात, गेलं. बाग हे अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमधली नाव="व्हॅल्यू" अशी जोडी) गेलं नाही. प्रीफिक्स (नावाआधी कोलन लावून येणारं नेमस्पेसचं लघुनाव) नसलेल्या अ‍ॅट्रिब्यूटला डिफॉल्ट नेमस्पेस लागूच होत नाही, ते कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसतं. १९९९ च्या नेमस्पेस शिफारशीपासून नियम हाच आहे. बहुतेक घोळ तो माहीत नसल्यानेच होतात.

आता स्कीमा उघडा आणि अ‍ॅट्रिब्यूट कुठे डिक्लेअर केलंय ते बघा.

कॉम्प्लेक्सटाइपच्या (एलिमेंटची रचना सांगणाऱ्या व्याख्येच्या) आत नाव देऊन डिक्लेअर केलं असेल तर ते लोकल. त्याला प्रीफिक्स लागतो का, हे स्कीमा टॅगवरचं अ‍ॅट्रिब्यूटफॉर्मडिफॉल्ट ठरवतं. काही लिहिलं नसेल तर त्याची व्हॅल्यू अनक्वालिफाइड (प्रीफिक्स नको) धरली जाते, म्हणजे वरची पावती पास. ही व्हॅल्यू शक्यतो बदलू नका. एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट (एलिमेंटसाठीची तशीच सेटिंग) क्वालिफाइड करता करता लोक हेही क्वालिफाइड करून टाकतात, आणि मग एकूणएक लोकल अ‍ॅट्रिब्यूटला प्रीफिक्स चिकटवत बसावं लागतं. एखाद्यालाच हवा असेल तर त्याच्या डिक्लेरेशनवर फॉर्म="क्वालिफाइड" लिहा, भागतं. ही सेटिंग फाइलपुरती असते हेही लक्षात ठेवा: इन्क्लूड केलेल्या फाइलमध्ये ती वेगळी असेल तर तिथले लोकल अ‍ॅट्रिब्यूट तिच्याच नियमाने चालतात.

स्कीमा टॅगच्या थेट खाली डिक्लेअर केलं असेल तर ते ग्लोबल. टार्गेटनेमस्पेस (स्कीमा ज्या नेमस्पेससाठी आहे ती) दिलेली असेल तर ग्लोबल अ‍ॅट्रिब्यूट तिच्यातच जातं, अ‍ॅट्रिब्यूटफॉर्मडिफॉल्ट काहीही असो. ते रेफने (नुसत्या नावाचा हवाला देऊन) वापरलं की पावतीत प्रीफिक्स सक्तीचा:

<के:पावती एक्सएमएलएनएस:के="यूआरएन:केळी:पावती" के:बाग="कांदेबाग"/>

के ऐवजी दुसरं कुठलंही अक्षर चालेल. यूआरआय (नेमस्पेसचं पूर्ण नाव) मात्र अक्षरागणिक जुळायला हवा; शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी नेमस्पेस वेगळी.

झर्सीस (एक्सएमएल तपासणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एररची जोडी ओळखायला शिका. सीव्हीसी-कॉम्प्लेक्स-टाइप.३.२.२ म्हणतो, बाग इथे चालत नाही. पाठोपाठ सीव्हीसी-कॉम्प्लेक्स-टाइप.४ म्हणतो, बाग हवंच. दोन्ही एकाच नावावर आले की स्पेलिंग शोधत बसू नका, प्रीफिक्स चुकलाय. अ‍ॅट्रिब्यूट सक्तीचं नसेल तर फक्त पहिलाच येतो, आणि तेव्हा चूक सापडायला जास्त वेळ लागतो.

एक्सएमएल:लँग (मजकुराची भाषा सांगणारं तयार अ‍ॅट्रिब्यूट) वापरायचं असेल तर त्या नेमस्पेसचं इम्पोर्ट स्कीमात लिहावंच लागतं. प्रीफिक्स आपोआप बांधलेला असतो, पण डिक्लेरेशन आपोआप येत नाही; ते विसरलं की एसआरसी-रिझॉल्व्ह हा एरर येतो. उलट एक्सएसआयची (एक्सएमएल स्कीमाच्या राखीव नेमस्पेसची) चार अ‍ॅट्रिब्यूट (टाइप, निल, स्कीमालोकेशन, नोनेमस्पेसस्कीमालोकेशन) डिक्लेअर न करता कुठेही चालतात.

पुढे खरेदीदाराला स्वतःची माहिती जोडता यावी म्हणून एनीअ‍ॅट्रिब्यूट ठेवतात (जास्तीची अ‍ॅट्रिब्यूट चालू देणारी मोकळी जागा), नेमस्पेस="##अदर" आणि प्रोसेसकंटेंट्स="लॅक्स" (डिक्लेरेशन सापडलं तरच तपासा) देऊन. इथे एक फसगत आहे. ##अदर टार्गेट नेमस्पेस वगळतं, तसंच नेमस्पेस नसलेली अ‍ॅट्रिब्यूटही वगळतं. त्यामुळे कुणी नुसतं भाव="..." घातलं तर पावती नापास. ##अदर सोबत ##लोकल (नेमस्पेस नसलेली) एकाच यादीत लिहिता येत नाही, तेव्हा ##एनी (कुठलीही) वापरा किंवा चालणाऱ्या यूआरआयची यादी देऊन तिच्यात ##लोकल घाला.