पॉइंट बत्तीसचं लायसन मिळालं, आता हात तयार करा

काटोल-कळमेश्वरकडचे संत्रा बागाईतदार, इतवारीतले सराफ, एखादा बिल्डर. रिव्हॉल्व्हरचं लायसन हातात पडलं की माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, हिची गोळी किती भारी?" कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरात मी जवानांना हत्यार शिकवलं, आता लायसनवाल्यांना शिकवतो. माझं उत्तर एकच असतं. भारी नाही. पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हरच्या गोळीत लष्कराच्या इन्सास रायफलच्या गोळीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी ताकद असते. गोळी लागली म्हणून माणूस उडून पडत नाही. मेंदूला किंवा मणक्याला लागली तरच तो जागच्या जागी कोसळतो. नाहीतर रक्त जाऊन त्याचं बळ सरायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात चाकूवाला तुमची बैठकीची खोली सहज ओलांडतो. म्हणून पहिली गोळी छातीच्या मधोमध जायलाच हवी, आणि ती सरावानेच जाते.

नवशिके अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवतात, कारण मग चाप हलका होतो. हे करू नका, भाऊ. भीतीने बोटं आखडतात, आणि त्या हलक्या चापावर नको असताना गोळी सुटते. डबल ॲक्शनवरच शिका: चाप ओढला की काडतुसांची चक्री फिरते, घोडा उठतो, पडतो. कानपूरच्या कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरचा चाप असा ओढताना चांगलाच जड लागतो, म्हणून बोटाला रोज काम द्या.

हा सराव घरीच होतो, बिनगोळीचा. लायसनवर काडतुसांना मर्यादा असते आणि ती महागही पडतात, त्यामुळे खरा हात इथेच बसतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. रिव्हॉल्व्हर उघडून चक्रीतली सगळी घरं डोळ्यांनी बघा, मग बोटाने चाचपा. रिकाम्या चक्रीवर घोडा आपटत राहण्यापेक्षा सरावाची नकली काडतुसं घाला. विटांची भक्कम भिंत निवडा. तिच्या पलीकडे कोणी झोपत नसावं. भिंतीवर नाण्याएवढा ठिपका काढा, पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, त्यावर धरा आणि ती न हलवता चाप सरळ मागे घ्या. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवून पाहा. चाप पूर्ण ओढूनही ते पडलं नाही की हात बसू लागला. दहा मिनिटं पुरे. संपलं की मोठ्याने म्हणा, "सराव संपला", आणि हत्यार तिजोरीत. खरी काडतुसं भरून झाल्यावर "आणखी एकदा बघू" म्हणण्यातच घरात गोळी सुटते, भिंतीला लागली तर नशीब.

शूटिंग रेंजवर गेलात की लांबचं टार्गेट मागू नका. पाच-सात मीटर पुरे, घरातलं अंतर तेवढंच असतं. आपल्या मे महिन्यात तळहाताला घाम सुटतो, मूठ सरकते. एकदा मुद्दाम दुपारी सराव करा.

घराची आखणीही आताच करा. नागपुरात उन्हाळाभर कूलर रात्रभर घरघरत असतो, दाराचा आवाज येत नाही, म्हणून कडी-कुलूप आणि बाहेरचा दिवा आधी. कोणी शिरलंच तर खोल्या धुंडाळत फिरू नका. सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, ११२ लावा, बॅटरी हाताशी ठेवा. समोर कोण आहे ते दिसल्याशिवाय बोट चापावर नको. पाणी प्यायला उठलेला तुमचा मुलगाही असू शकतो. प्लायवूडचं पार्टिशन गोळी अडवत नाही, त्यामागे कोण झोपतं तेही लक्षात ठेवा.

भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत बचावाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असेपर्यंतच गोळी चालवता येते. हल्लेखोर पळायला लागला, पडला, हत्यार टाकलं की तुम्हीही थांबायचं. पाठीत गेलेल्या गोळीचा खुलासा कोर्टात देणं फार कठीण.

जुलैत रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं, पोलादाला गंज चढतो. कोरड्या कापडाने पुसून तेलाचा पातळ हात द्या. वडिलांच्या वेळची काडतुसं असतील तर त्यांच्यावर भरवसा नको. ती रेंजवर तपासून घ्या आणि घरच्या तिजोरीत नवी ठेवा.