आजोबांची पिकअप वडिलांसोबत पुन्हा रस्त्यावर आणताना

आमची महिंद्राची डिझेल पिकअप आजोबांनी १९८७ साली घेतली. एमएच यायच्या आधीचा तीन अक्षरी नंबर, आत प्यूजो इंजिन. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यातून नारायणगावला टोमॅटो नेले, माळशेज उतरून कल्याणला कांदा पोचवला. मग नऊ वर्षं ती गोठ्यामागे उभी होती. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत दर शनिवारी मी पुण्याहून गावी गेले आणि आम्ही दोघांनी ती चालू केली. तुमच्या दारात अशी गाडी असेल आणि ती चालवलेलं माणूस घरात असेल, तर काम असं करा.

पान्याला हात लावायच्या आधी त्यांना स्टिअरिंगवर बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. कुठला गिअर सुटायचा, चढाला कधी तापायची, कुठे काय घरच्या घरी बसवलंय, सगळं विचारा. मी हे केलं नाही. रेडिएटर काढताना डाव्या बाजूच्या पायाखाली ट्यूबची दुमडलेली पट्टी निघाली, ती मी कचरा म्हणून फेकली. पुढे रेडिएटर बसवला तर पंखा त्याच्या काठाला घासायला लागला. नाना म्हणाले, "अगं, माळशेजला बैलगाडीला वाचवताना कठड्याला लागली होती. तेव्हापासून त्या बाजूला चासी बसलीय, म्हणून ती पट्टी होती." कुठल्याच मॅन्युअलमध्ये हे सापडलं नसतं. त्या दिवसापासून प्रत्येक भाग सोडवण्याआधी मी फोटो काढते आणि त्यांना विचारते. नट-बोल्ट निघाले की त्याच भोकात हाताने परत लावून ठेवते.

इतकी वर्षं उभ्या इंजिनाला थेट सेल्फ (स्टार्टर) मारू नका, ट्रॅक्टरने ओढूही नका. हीटर प्लग आणि डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल सारखं मिसळून थोडं थोडं ओता आणि चार-पाच दिवस थांबा. मग क्रँक पुलीच्या नटाला गोटीपाना लावून हाताने हलवा, आधी थोडं पुढे, मग थोडं मागे. आमचं तिसऱ्या शनिवारी सुटलं. नोझल परत बसवण्याआधी इंजिन मोकळं फिरवून आतलं सगळं तेल बाहेर उडू द्या. ते आत राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा तापलं की वाकतं, म्हणून थर्मोस्टॅट आणि होज पाइप जुने ठेवू नका.

टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, फिल्टर बदला, मग डिझेलच्या लाइनमधली हवा, म्हणजे एअर, काढा. फिल्टरवरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून डिझेल ओढणारा छोटा हातपंप दाबत राहा. आधी फेस येतो, मग मोठे बुडबुडे, मग नितळ धार. धार आली की दाबतानाच स्क्रू आवळा. त्यानंतर नोझलचे नट एक फेरा सैल करून सेल्फ द्या, पण तिथे हात नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं. इंजिन लागल्यावर नाना डोळे मिटून ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "तीन नंबर मारत नाही." म्हणजे तिसरं सिलिंडर पेटत नव्हतं. मी एकेक नट सैल करून पाहिला. बाकी तिघांना आवाज बदलला, तिसऱ्याला बदलला नाही. तेवढाच नोझल डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेला.

गाडी जागेवरून हलवायच्या आधी ब्रेक झाले पाहिजेत, यात तडजोड नको. चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडरची किट आणि होज नवे घाला, मास्टर सिलिंडर उघडून बघा. फक्त ब्रेक ऑइलच वापरा. दुसरं कुठलं तेल गेलं तर रबर फुगतं. ब्रेकच्या लाइनमधली एअर मागच्या डाव्या चाकापासून काढा, कारण ते मास्टरपासून सर्वांत लांब. इथे दोन माणसं लागतातच. मी पेडलवर, नाना स्टुलावर बसून चाकामागच्या एअर काढायच्या निपलपाशी. "मार, मार, मार... धर!" निपल सैल, आवळलं, "सोड." त्यांचं वय ७१ आहे. गुडघे टेकायचं काम त्यांना देऊ नका, आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कुणीच खाली जाऊ नका, चासीखाली घोड्या (लोखंडी टेकू) लावा.

रंग सगळ्यात शेवटी. पेंटर गंजावर पुट्टी भरून देतो, ती पहिल्या पावसाळ्यात फुगते, म्हणून कुजलेला पत्रा कापून नवा जोडून घ्या. आमच्या फाळक्याच्या, म्हणजे मागच्या झडपेच्या, आतल्या बाजूला आजोबांनी क्रेट मोजताना खिळ्याने ओढलेल्या रेघा आहेत, चार उभ्या आणि पाचवी आडवी. तो पत्रा रंगवला नाही. तारेच्या ब्रशने हलक्या हाताने गंज काढला आणि नानांनी जवसाचं तेल चोळलं.

कागदपत्रांकडे मात्र रंगाच्या आधी वळा. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला आरटीओचा फॉर्म ३१ लागतो. मालवाहू नोंद असेल तर आठ वर्षांनंतर पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी. रंग आरसी बुकात लिहिलाय तोच ठेवा, आणि चासी नंबर घासताना पुसला जाणार नाही हे बघा.

पहिली फेरी दहा किलोमीटरच्या आत ठेवा. परत आल्यावर स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि चारही हबवर तळहात ठेवून बघा. नानांनी मागच्या उजव्यावर हात जरा जास्त वेळ ठेवला. "हा गरम आहे. बेअरिंगला जास्त आवळलंस." खरंच आवळलं होतं.