घोड्याच्या खुरांचे बूट निघतात, फिरतात, घासतात? या चुका टाळा

घोड्याच्या खुरावर चढवायचा बूट चालताना निघून पडला की बहुतेक जण पट्टा करकचून आवळतात. त्याने बूट टिकत नाही, कातडी मात्र सोलवटते. बूट धरून ठेवतो तो खुराच्या भिंतीला बसलेला त्याचा साचा. पट्टा नुसता आधाराला असतो. म्हणून आधी माप तपासा.

माप घेताना सगळ्यात जास्त फसगत वेळेमुळे होते. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. साळायला, म्हणजे वाढलेला भाग तासून काढायला, आलेल्या खुराचं माप घेऊन बूट आणला, तर साळल्यावर तो ढिला पडणारच. माप खूर साळल्यापासून दोन-चार दिवसांत घ्या आणि मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. रुंदी तळव्याच्या सर्वात रुंद जागी मोजायची. लांबी पुढच्या टोकापासून, टाचेची भिंत जिथे जमिनीला टेकून संपते तिथपर्यंत. तिच्या मागचे मऊ गोळे लांबीत धरू नका. ते धरले की मोठा बूट घरी येतो आणि पुढची सगळी कटकट तिथूनच सुरू होते.

प्रत्येक खूर वेगळा मोजा. पुढचे खूर गोलसर असतात, मागचे निमुळते. डाव्या-उजव्यातही फरक निघतो. तट्टाच्या उंचीवरून नंबर ठरवणं तर साफ चूक आहे. ठेंगण्या तट्टाचा खूर चांगलाच रुंद असू शकतो. गाढवाचा आणि खेचराचा खूर अरुंद, उभट असतो, त्यामुळे घोड्यासाठी घडवलेला बूट त्यांना सहसा बसत नाही.

बूट घातल्यावर पाय उचलून तो हाताने पिळून बघा. सहज फिरला तर रुंदीला मोठा आहे. तळ पूर्ण बसतच नसेल तर बूट आखूड असेल, किंवा खूर वाढून त्याची भिंत बाहेर फाकली असेल. आधी नालबंदाला बोलवा, नवा बूट नंतर बघू. नियमित बूट वापरायचे तर चार ते सहा आठवड्यांनी खूर साळून घ्यावेच लागतात. आत गादी घालणार असाल तर ती घालूनच बूट बसवून पाहा. तिच्या जाडीने बसण्यात फरक पडतो.

टाचेवरचे केस झिजलेले दिसले की तो पहिला इशारा समजा. आत वाळू किंवा चिखल गेला असेल, नाहीतर मागची पट्टी घट्ट असेल. घोडा सोसत चालत राहतो, म्हणून प्रत्येक वेळी बूट काढल्यावर कातडी बोटांनी चाचपून बघणं आपल्याकडे आहे. नवे बूट पहिल्याच दिवशी लांबच्या रपेटीला नकोत. थोडा वेळ सपाट जमिनीवर चालवा, मग दुडकी, आणि थांबून पुन्हा तपासा.

रपेटीचे बूट रात्रभर पायात ठेवू नका. आत ओल कोंडते, खूर मऊ पडतो, तळव्याच्या मधल्या मऊ भागात कुजकट वास येऊ लागतो. बूट धुऊन पूर्ण वाळवा. वेल्क्रोत अडकलेला कचरा काढा, नाहीतर वेल्क्रो पकड सोडतो.

आणि घोडा अचानक लंगडू लागला, खूर गरम लागला किंवा खुराच्या वर नाडी जोरात उडताना जाणवली, तर बूट चढवून त्याला चालवत ठेवू नका. खुराच्या आत सूज असू शकते. पशुवैद्यकाला तातडीने बोलवा. त्या पायाला कुठला बूट, किती जाड गादी आणि किती वेळ, हे त्यांनीच ठरवावं.