चक्रीवादळाचं मॉडेल चालवताय? या चुका टाळा

डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलवर पहिलं वादळ चालवलं पण डोळाच दिसत नाही, असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, ग्रिड, म्हणजे हिशोबाच्या दोन पॉइंटमधलं अंतर, किती किलोमीटरची ठेवलीय? 27 म्हणाले की कारण तिथेच सापडलं. वादळाचा डोळा साधारण 30 ते 65 किमी रुंद, त्यात तुमचे जेमतेम एक-दोन पॉइंट बसणार, आणि मॉडेलला एखादी गोष्ट नीट पकडायला निदान सहा-सात तरी लागतात. 2005 च्या विल्मा हरिकेनचा दाब 882 हेक्टोपास्कलपर्यंत उतरला तेव्हा डोळा 4 किमीच्या आसपास होता, तिथे तर 3 किमीची ग्रिडही तोकडी पडते. म्हणून 27, 9, 3 असं आत नेस्ट करत जा, म्हणजे मोठ्या भागाच्या (डोमेनच्या) आत बारीक ग्रिडचा छोटा भाग बसवा, आणि 3 वाल्या डोमेनमध्ये क्युम्युलस स्कीम (ग्रिडमध्ये न मावणाऱ्या ढगांचा परिणाम अंदाजाने धरणारा भाग) बंद करा, हे हमखास राहून जातं.

रन मध्येच क्रॅश झाला तर लगेच फिजिक्स (ढग, पाऊस वगैरेंच्या स्कीम) बदलत बसू नका हो. एररच्या फाईलमध्ये सीएफएल (एका टप्प्यात वारा ग्रिडच्या फार पुढे जाऊ नये ही अट मोडल्याचा इशारा) शोधा, सापडलं तर टाइम स्टेप, म्हणजे मॉडेल एका वेळी जितके सेकंद पुढे जातं ती, मोठी आहे. किलोमीटरमधल्या ग्रिडच्या सहा पट सेकंद, म्हणजे 9 किमीला 54, हा नेहमीचा हिशोब, पण जोरदार वादळात तेवढीही झेपत नाही, चार पटीवर या.

तापमान 2, 5, उणे 3 असं काहीतरी दिसतंय म्हणून त्यात 273 मिळवणारे खूप भेटतात. आउटपुटमधला टी म्हणजे 300 केल्विनपासूनचा फरक, आणि तोही पोटेन्शियल टेम्परेचरचा (हवा 1000 हेक्टोपास्कल दाबाला आणली तर जे होईल ते तापमान), तेव्हा आधी 300 मिळवा, मग दाब वापरून खरं तापमान काढा. पावसाचंही तसंच, तो सुरुवातीपासून साठत आलेला असतो, तासाचा हवा तर आधीच्या तासाचा वजा करा.

आता अ‍ॅनिमेशन, कारण इथे बघणारा सरळ फसतो. समजा डोळ्याच्या भिंतीत वारा सेकंदाला 50 मीटर आहे, म्हणजे तासाला 180 किमी, आणि केंद्रापासून 30 किमीवरच्या वर्तुळाचा परीघ झाला 188 किमी. म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणारा ढग तासाभरात जवळपास पूर्ण फेरी मारून पुन्हा तिथेच, आणि तुम्ही आउटपुट तासातासाने घेतलंय, मग व्हिडिओत तो ढग थांबलेला किंवा चक्क उलटा सरकताना दिसतो! आतल्या नेस्टचं आउटपुट 5 मिनिटांनी घ्या, डिस्क भरते तर बाहेरच्या डोमेनचं कमी करा.

इंद्रधनुष्यी रंग तर मी कधीच वापरत नाही, त्यातला पिवळा पट्टा प्रत्यक्षात नसलेली सीमा दाखवतो. एकाच रंगाची फिकट ते गडद छटा घ्या आणि वाऱ्याच्या वेगाचे ठळक टप्पे सेकंदाला 17 आणि 33 मीटरवर ठेवा, कारण ट्रॉपिकल स्टॉर्म आणि हरिकेन तिथेच सुरू होतात. थ्रीडीत उंची ताणावीच लागते, शेकडो किमी पसरलेलं वादळ 15 किमी उंचीत खऱ्या मापाने चकतीसारखं चपटं दिसतं, पण किती पट ताणलीय ते चित्रावरच लिहा.