मुंबईच्या हवेतील नायट्रोजनचा माग: मोठे कण वगळू नका

मुंबईच्या हवेतील कणांत सापडणारा नायट्रोजन कोठून येतो, हा विषय घेऊन संशोधनाला येणाऱ्यांना वाहने, चेंबूर-ट्रॉम्बे पट्ट्यातील रिफायनऱ्या आणि खत कारखाना, देवनारचे डंपिंग ग्राउंड, सांडपाणी वाहणाऱ्या खाड्या व बंदरातील जहाजे ही उगमांची यादी पाठच असते, त्यामुळे ती येथे पुन्हा देत नाही. खरी अडचण सुरू होते ती हवेतील कण टिपणारा फिल्टर निवडताना.

आरोग्याचे निकष पीएम २.५ शी, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांशी, बांधलेले असल्याने बहुतेक मार्गदर्शक तेवढाच फिल्टर लावायला सांगतात. उत्तर भारतातील थंडीत ते बऱ्यापैकी चालून जाते, कारण तेथे नायट्रेट हे अमोनियम नायट्रेटच्या रूपात बारीक कणांत टिकते. किनाऱ्यावर मात्र वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांपासून बनलेली नायट्रिक आम्लाची वाफ समुद्री मिठाच्या कणांवर बसते, सोडियम क्लोराइडचे सोडियम नायट्रेट होते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू निघून जातो. मिठाचे हे कण वस्तुमानाने बहुतांशी अडीच मायक्रॉनपेक्षा मोठे असल्यामुळे त्यांच्यावरचे नायट्रेट तुमच्या फिल्टरपर्यंत पोहोचतच नाही. त्यातच मुंबईच्या उष्म्यात फिल्टरवरचे अमोनियम नायट्रेटही विघटित होऊन उडते. सल्फेटशी जोडलेले अमोनियम तेवढे शिल्लक राहते. मग भरपूर अमोनियम आणि किरकोळ नायट्रेट पाहून वाहनांचा वाटा नगण्य ठरवला जातो. माझा एक अख्खा हिवाळा याच सापळ्यात गेला, म्हणून इतके बजावून सांगतो.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. मोठे व बारीक कण वेगळे करणारा साधा दोन टप्प्यांचा इम्पॅक्टर (कण आकारानुसार गोळा करणारे उपकरण) आणि मागे, उडालेले नायट्रेट पकडायला, नायलॉनचा फिल्टर एवढ्यावर काम भागते. मोठ्या कणांतील क्लोराइड व सोडियम यांचे गुणोत्तरही पाहावे. समुद्राच्या पाण्यात ते वजनाने सुमारे १.८ असते; त्याहून बरेच खाली आले, तर मिठाने आम्ल शोषले आहे असे समजावे. सल्फेटही क्लोराइडला हुसकावते आणि कचरा जळत असेल तर क्लोराइड वाढते, एवढे भान ठेवावे.

दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहत असल्याने शहराचा धूर समुद्रावर जाऊन परत येतो. चोवीस तासांचा एकच फिल्टर हे सगळे कालवून टाकतो, तेव्हा दिवसाचे आणि रात्रीचे नमुने वेगळे घ्यावेत. जहाजांचा धूर ओळखण्यासाठी केवळ व्हॅनेडियमवर, म्हणजे त्यांच्या जड इंधनातून येणाऱ्या धातूवर, विसंबू नये. २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ०.५ टक्क्यावर आल्यानंतर ती खूण क्षीण झाली आहे.

नायट्रोजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या हलक्या व जड अणूंच्या प्रमाणाचे, मोजमाप उगम ओळखायला उपयोगी आहे, परंतु अमोनिया वायू आणि अमोनियम यांच्यातील समतोलामुळेच सुमारे ३० प्रति हजारांचा फरक पडू शकतो. म्हणून कणावर मोजलेला आकडा उगमाच्या आकड्याशी थेट ताडणे व्यर्थ आहे. परदेशी निबंधांतील उगमांचे आकडे उचलून मिक्सिंग मॉडेलमध्ये (प्रत्येक उगमाचा वाटा काढणाऱ्या गणितात) ओतण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणे ऐकून बाजूला ठेवावा. ते मॉडेल काहीही भरले तरी सुबक टक्केवारी देते, हीच त्याची खोड आहे.

पावसाळ्यात कण धुऊन जात असल्याने फिल्टरपेक्षा पावसाचे पाणी गोळा करणे श्रेयस्कर ठरते. मात्र ते त्याच दिवशी गाळून गोठवावे, कारण बाटली बाहेर राहिली तर त्यातील सूक्ष्मजीव अमोनियम फस्त करतात.