पेन्सिलशिवाय, थेट रंगात पोर्ट्रेट: या चुका टाळा

थेट तैलरंगातून पोर्ट्रेट सुरू करायचं म्हणजे पेन्सिल सोडायची, मोजमाप नाही. बहुतेक चित्रं बिघडतात ती हे विसरल्यामुळेच.

सगळ्यात महागात पडते ती डोळ्यांपासून केलेली सुरुवात. डोळा छान जमला की तो पुसवत नाही आणि अख्खा चेहरा त्याच्यामागे फरफटत जातो. त्यापेक्षा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी रंगाने) आधी डोक्याचा एकूण आकार, मान आणि खांद्यांचा कल मांडून घ्या. डोक्याचा माथा आणि हनुवटी यांच्या खुणा करा. मोठ्या माणसाच्या सरळ समोरून दिसणाऱ्या चेहऱ्यात डोळे साधारण या दोन्हींच्या मधोमध असतात. नवशिक्यांच्या चित्रात ते हमखास वर सरकतात. कपाळावर रंगवण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून कपाळ आखूड होतं. मान झुकलेली असेल तर हा नियम चालत नाही. तेव्हा ब्रशचा दांडा समोर धरून कोन पाहा.

डोळ्यांच्या जागी सुरुवातीला फक्त खोबणीची सावली हवी. डोळे किलकिले करून पाहिलं की पापण्या हरवतात, सावल्यांचे मोठे डाग उरतात. तेवढेच मोठ्या फ्लॅट ब्रशने लावा. ते जागेवर बसले तर नाकडोळे नसतानाही माणूस ओळखू येतो. येत नसेल तर चिंधीने पुसा. रंग पातळ आहे तोवर पुसायला काहीच लागत नाही, जाड झाल्यावर पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, खरवडावं लागतं. त्यात कमीपणा कसला? पोर्ट्रेटसाठी गाजलेला चित्रकार जॉन सिंगर सार्जंटही न जमलेलं डोकं खरवडून नव्याने रंगवायचा.

चेहरा पिठूळ दिसतोय? सावलीत पांढरा शिरला असणार. सावल्या पातळ आणि उबदार ठेवा, जाड रंग उजेडासाठी राखा. मळकट दिसत असेल तर ओल्या रंगावर ब्रश फार घोळवला गेलाय. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश पुसायचा आळस नको.

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर मधला टोनही (ना उजळ, ना गडद अशी छटा) गडद भासतो, मग आपण सगळंच फिकं लावत जातो. आधी करड्या किंवा तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन तो वाळू द्या.

हे सगळं तैलरंगाचं. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांतच वाळतं, त्यामुळे पुसायची सोय जवळपास नसते. चुकलेल्या जागेवर सरळ नवा रंग चढवायचा.