कुंडीतलं झाड विभागण्याआधीची तयारी

झाड कुंडीबाहेर आलं की मुळं उघडी पडतात, आणि पाणी शोषून घेणारे त्यांचे बारीक तंतू हवेत लगेच सुकायला लागतात. त्या वेळी सुरी शोधायची, माती कमी पडली म्हणून धावपळ करायची, हे झाडाला महागात पडतं. म्हणून झाडाला हात लावण्याआधीच सगळं जागच्या जागी हवं.

सुरुवात झाड नीट पाहण्यापासून करा. जमिनीलगत एकापेक्षा जास्त ठिकाणांहून पानं किंवा कोंब निघत असतील, तरच त्याची विभागणी होते, म्हणजे मुळांसकट भाग करून ते वेगवेगळ्या कुंड्यांत लावता येतात. स्नेक प्लांट, पीस लिली, स्पायडर प्लांट, झीझी, कॅलॅथिया, बॉस्टन फर्न ही सगळी अशी फुटवे फुटणारी झाडं. रबर प्लांटसारखं एकाच खोडावर उभं असलेलं झाड मधोमध चिरलं तर दोन्ही भाग हातचे जातील; त्याची फांदीच लावावी. पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटसाठी तर विभागणीला पर्याय नाही. त्याच्या पानाचा तुकडा लावून रोप तयार केलं की ते बहुधा नुसतं हिरवं येतं, पिवळी कडा नाहीशी होते. फुटवा मुळासकट वेगळा केला तर ती टिकते.

झाडाला खरंच गरज आहे का, हेही बघा. भोकातून मुळं बाहेर डोकावतायत, पाणी घातलं की मातीत न मुरता कडेकडेनं निघून जातंय, मधला जुना भाग विरळ होऊन नवी पानं फक्त काठाला येतायत, ही लक्षणं दिसली तर विभागणीनं झाडाला नवी उभारी मिळते. कीड लागलेलं झाड मात्र आधी बरं करा. नाहीतर एका कुंडीतली कीड चार कुंड्यांत जाते.

वेळ निवडावी ती वाढीचा हंगाम सुरू होताना, नवे कोंब नुकते दिसू लागले की. ऐन थंडीत झाड सुस्त असतं आणि कापलेली मुळं लवकर भरून येत नाहीत. फुलं आलेली असतील तर ती ओसरू द्या.

आदल्या दिवशीच्या पाण्याचा नियम सगळ्यांना सारखा नाही. पीस लिली, कॅलॅथिया आणि फर्नला आदल्या दिवशी भरपूर पाणी घाला, म्हणजे पानं टवटवीत राहतात आणि मुळं लवचिक. झीझी आणि स्नेक प्लांटची माती मात्र कोरडी असू द्या. त्यांच्या जाड, मांसल गड्ड्यांत पाण्याचा साठा असतोच, आणि ओल्या जखमा चटकन कुजतात.

कुंड्या निवडताना हात आखडता घ्या. मुळांभोवती दोन-तीन सेंटीमीटर जागा राहील एवढीच कुंडी पुरे. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं सडतात. तळाला भोक हवंच. त्यावर जाळीचा तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही. तळाशी खडे घालायची सवय मी सोडायला सांगेन, कारण पाणी बारीक मातीतून खड्यांत सहज उतरत नाही, खड्यांच्या वरच साचून राहतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. जुन्या कुंड्या घासून धुवा. मातीची कोरी कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर तीच मातीतला ओलावा पिऊन टाकते.

माती आधीच कालवून ओलसर करून ठेवा: मूठ दाबली तर गोळा व्हावा, बोटानं टोचला तर सुटावा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) आणि थोडं कुजलेलं खत एवढं बहुतेक झाडांना चालतं. झीझी आणि स्नेक प्लांटसाठी परलाईट किंवा जाड वाळू सढळ हातानं घाला.

हत्यारांत एक धारदार सुरी आणि कात्री लागते. फर्नच्या मुळांची जाळी इतकी घट्ट असते की तिथे दातेरी सुरी बरी. पाती ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, म्हणजे जंतुनाशक स्पिरिटनं, पुसून घ्या, आणि पुढच्या झाडाकडे वळताना पुन्हा पुसा. हातमोजे विसरू नका: पीस लिली आणि झीझीच्या रसातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी त्वचेला आग होऊ शकते. लहान मुलं आणि पाळीव प्राणी तेवढा वेळ दूर असलेले बरे. जमिनीवर जुना कागद आणि बाजूला कोमट पाण्याची बादली असू द्या. पीस लिलीची गुंतलेली मुळं पाण्यात हलवली की पुष्कळदा सुरीशिवायच सुटतात.

किती भाग करायचे हेही आधीच ठरवा, आणि इथे मोह आवरा. प्रत्येक भागाला स्वतःची मुळं आणि निदान एक जिवंत कोंब हवा. दोन-तीन कोंबांचा ठसठशीत भाग एका कोंबाच्या भागापेक्षा खूप लवकर सावरतो. एका कुंडीतून सहा अशक्त रोपं करण्यापेक्षा दोन भरदार करा.

लावल्यावर रोपं कुठे ठेवायची ती जागाही आज रिकामी करा. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. कॅलॅथियासाठी एक पारदर्शक पिशवी काढून ठेवा. पहिले काही दिवस ती वरून सैल घातली तर पानं कमी गळपटतात. स्नेक प्लांट आणि झीझीच्या कापलेल्या जागा सुकायला एक-दोन दिवस सावलीची जागा लागेल, आणि लावल्यावरही आठवडाभर त्यांना पाणी नको. बाकीच्यांसाठी झारी भरून जवळ ठेवा. खताचा डबा मात्र या पसाऱ्यात आणू नका. तो नवं पान उलगडताना दिसलं की, म्हणजे साधारण महिना-दीड महिन्यानं उघडायचा.